गार नळी कुठली

आमच्या गॅरेजवर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. लोक एकमेकांना ‘हातवाल्याकडे जा’ असं सांगतात. तो हात ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आणि त्यातही उजवा. त्या हाताचं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत, तरी थोडक्यात सांगायला हवं, कारण आमचं सगळं बस्तान त्या एका तळव्यावर बसलेलं आहे.

डिझेलचं इंजिन थंडीत हिसके देत असेल तर पुष्कळदा त्याच्या सहा सिलिंडरांपैकी एक पेटत नसतो. पाच जण राबतात आणि सहावा नुसता बसून खातो. इंजिन थरथरतं, पांढरा धूर ओकतं, आणि दहा मिनिटांत तापलं की जणू काही झालंच नाही असं चालायला लागतं. तो आळशी सिलिंडर कुठला हे शोधायला बाकीचे मेकॅनिक एकेका सिलिंडरचा नट ढिला करून डिझेल तोडतात. ज्याचं तोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो मेलेला. हे तसं करत नाहीत. इंजिन सुरू झालं की पहिल्या अर्ध्या मिनिटात हे धूर बाहेर नेणाऱ्या सहा नळ्यांवरून तळवा फिरवतात. आत आग असेल तर नळी गरम, नसेल तर गार. ‘तीन नंबर,’ असं म्हणून हे हात पुसायला लागतात आणि गिऱ्हाईक आ वासून बघत राहतं. नट ढिले करणाऱ्यांना हे नावं ठेवतात. ताप बघायला पोट फाडणारे लोक, असं त्यांना म्हणतात.

एकतीस वर्षं मी ह्या गॅरेजात आहे. सुटे भाग धुणं, फळीवर लावणं, सिलिंडरात डिझेल फवारणारं नोझल तपासणीच्या यंत्रावर चढवून ह्यांच्यासमोर ठेवणं, गिऱ्हाइकाला चहा देणं आणि ह्यांच्याशी भांडणं ही माझी कामं. शेवटचं मी मन लावून करते. माणूस हट्टी आहे. चुकलं म्हणायला ह्यांच्या जिभेला कुणी शिकवलेलंच नाही.

त्या थंडीत उंट आला. उंट म्हणजे ड्रायव्हर, स्वतःच्याच ट्रकचा मालक. उंची बघून कुणीतरी नाव ठेवलं आणि त्यानंही ते आवडीनं घेतलं. कागदाचे मोठमोठे रोल घेऊन तो डोंगरापलीकडे जायचा. सकाळी ट्रक सुरू केला की केबिनमधले दात वाजतात इतका हलतो आणि परवा पहाटे निघाल्यानिघाल्याच, इंजिन गार असताना, भर चढावर, माल भरलेला असताना बंद पडून दोन हात मागं घसरला, असं तो सांगत होता. मोठ्या गॅरेजात दाखवून झालं होतं. तिथला कॉम्प्युटर दहा वाजता उघडतो. तिथं पोचेपर्यंत इंजिन तापलेलं, त्यामुळे कॉम्प्युटरनं त्याला अगदी ठणठणीत ठरवलं होतं. उंट म्हणाला, मास्तर, आता तुमचा हात काय सांगेल ते खरं. हे ऐकून ह्यांची छाती दोन बोटं पुढं आली, मी बघितलं ना.

दुखणं असं होतं की दिवसाला एकच संधी. रात्रभर ट्रक अंगणात गारठायचा, उजाडताना एकदा सुरू करायचा, आणि इंजिन तापायच्या आत काय ते कळलं तर कळलं. नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत बसा.

पहिल्या सकाळी काचेवर हिमाचा पापुद्रा होता. इंजिन उघडं करायला केबिन पुढं कलवली आणि मी ओलं फडकं घेऊन पुढं झाले. सुरू करायच्या आधी नळ्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, हे ह्यांनी दोन वर्षांपूर्वी काढलेलं खूळ. का, असं विचारलं की म्हणायचे, स्वच्छता. एकतीस वर्षांत ज्या माणसानं स्वतःचा चहाचा कप विसळला नाही त्याला अचानक नळ्यांची स्वच्छता सुचली, म्हणून मी पुष्कळ हसले होते. पण ह्या ट्रकच्या नळ्या दुसऱ्या एका जाड पाइपाच्या खाली दडलेल्या होत्या. बाजूनं हात जाईल एवढीच फट, आत काही दिसत नव्हतं. मी फडकं नुसतं आत कोंबून फिरवलं. हे उगाचच चिडले, नीट पुस म्हणाले, मीही म्हटलं की मग तुम्हीच पुसा.

उंटानं चावी फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि अंगण पांढऱ्या धुरानं भरून गेलं. ह्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. नेहमी अर्ध्या मिनिटात बाहेर येणारा हात त्या दिवशी दीड मिनिट आत होता. मग हे म्हणाले, ‘दोन नंबर.’ दोनचं नोझल काढलं, यंत्रावर चढवलं, तर त्याचा फवारा अगदी धुक्यासारखा बारीक, काहीच दोष नाही. तरी ह्यांनी ते बदलायला लावलं.

दुसऱ्या सकाळी ट्रकनं तेच केलं. हात आत, दोन मिनिटं. ‘चार नंबर.’

मी म्हटलं, काल दोन, आज चार, उद्या काय, सोडत काढणार आहात का? उंट हसला आणि ह्यांचा चेहरा काळवंडला. मी पुढं म्हटलं की एकदा जगासारखे नट ढिले करून बघा, नाहीतर सहाच्या सहा नोझलं उतरवून तपासू, दुपारपर्यंत होईल. त्यावर हे इतके खवळले की हातातला पाना बाकावर आपटला. सहाच्या सहा कुणीही उतरवील, म्हणाले, मग लोकांनी माझ्याकडे यायचं कशाला? चारचं नोझलही चांगलं निघालं. त्या दिवशी हे अर्ध्या ताटावरून उठले. मला वाटलं, अहंकार दुखावलाय, दुखू दे. खरं सांगते, मला थोडी मजाच वाटत होती.

तिसऱ्या सकाळी उंटाला निघायचंच होतं. पलीकडे त्याची वाट बघत होते. त्या दिवशी थंडी अशी की नळाचं पाणी गोठलेलं. इंजिन सुरू झालं आणि ह्यांनी हात आत घातला. एक मिनिट, दोन, चार. हिसके कमी व्हायला लागले, म्हणजे इंजिन तापत होतं, संधी निघून चालली होती. मी म्हटलं, अहो, बस झालं, आता काय कळणार. ह्यांनी मान हलवली आणि खांदा आणखी आत रेटला. डोळे मिटलेले होते. आठेक मिनिटं झाली असतील.

तेवढ्यात जळका वास आला.

वास आधी उंटाला आला. काहीतरी जळतंय, म्हणाला. मी पंख्याचा पट्टा बघितला, तो ठीक होता. बॅटरीच्या बाजूला वाकले, तिथंही काही नाही. रबराचा वास असा नसतो, आणि रंग जळला तर डोळ्यांत झोंबतो. हा वास वेगळा होता, जडसा. मी गोंधळून इकडंतिकडं बघत होते. हेही नाक वर करून हुंगत होते.

"वायर जळतेय कुठंतरी," हे म्हणाले. "तिकडून बघ गं जरा. मी हात काढला तर परत पहिल्यापासून नळ्या मोजाव्या लागतील."

मी खरंच वायर बघायला पलीकडे गेले. पलीकडून वाकून बघितलं तेव्हा त्या बाजूच्या फटीतून मला ह्यांचा हात दिसला. तळवा नळीवर गच्च दाबलेला होता आणि बोटांच्या कडेनं बारीक धूर निघत होता.

  मी उंटाकडे बघून नुसता हात हलवला, त्यानं वाकून बघितलं आणि धावत जाऊन चावी बंद केली. मी ह्यांचं मनगट धरून ओढलं तेव्हा काही कातडी नळीलाच राहिली. आणि हे माझ्याकडे वैतागून बघत होते, मध्येच इंजिन बंद का केलं म्हणून. मग माझ्या नजरेमागोमाग ह्यांनी स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. उलटा केला, सुलटा केला. दुसऱ्या कुणाचा तरी हात कुणी धरायला दिलाय असं बघत होते. उंट ट्रकच्या मागं जाऊन ओकला.

हे ओरडले नाहीत, ह्याचाच मला सगळ्यात जास्त धक्का बसला. मी पिंपातला बर्फ फोडून पाणी ओतत होते, रडत होते, आणि हे शांत उभे. दुखतंय का, विचारलं. हे म्हणाले, नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हाताला पट्टी केली आणि मग ह्यांना खाटेवर आडवं करून डोळे मिटायला सांगितले. त्यांच्याकडे एक जाड दोऱ्यासारखी काडी होती. ती तळपायाला लावली की ‘लागलं’ म्हणायचं. त्यांनी अंगठ्याला लावली, टाचेला लावली, मध्ये लावली. मग दुसरा पाय. मग डावा हात, बोट न् बोट. मी मोजत होते, सव्वीस वेळा. हे डोळे मिटून गप्प पडले होते. शेवटी हे म्हणाले, "लावा की आता, बाई. किती वेळ झाला." बाईंनी काडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. 

साखर, त्या म्हणाल्या. आजची नाही, कित्येक वर्षांची. तपासली नाही, औषध नाही, नसा मरत गेल्या. आधी पाय गेले असतील, मग हात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. त्या हळू बोलत होत्या, पण माझ्या डोक्यात भलतंच काही चालू झालं होतं आणि मला त्यांचं अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही.

गेल्या महिन्यात लेक बाळाला घेऊन आली होती. बाळ किरकिर करत होतं. आमच्या घरात थर्मामीटर कधी आणलाच नाही, ह्यांचा हात होता ना. लेकीचे ताप ह्यांनी हातानं ओळखले, माझे ओळखले. लेकीनं बाळ पुढं केलं, ह्यांनी कपाळावर तळवा ठेवला आणि म्हणाले, अंग गार आहे, दात येत असतील. आम्ही दोघी निर्धास्त झालो. तिन्हीसांजेला बाळानं डोळे फिरवले आणि अंग ताठ केलं. ताप डोक्यात गेला होता. वाचलं, पण ते दोन तास मी जन्मात विसरणार नाही. लेक अजून स्वतःलाच बोल लावते की बाळ कडेवर असूनसुद्धा मला कसं कळलं नाही. तेव्हा ताप चढला तो एकाएकी, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ठरवणाऱ्यांत हे पहिले.

घरी आल्यावर मी ह्यांना खुर्चीत बसवलं, दार लावलं आणि समोर उभी राहिले. विचारलं, कधीपासून?

 ह्यांनी सगळं सांगितलं. तीन हिवाळे झाले होते. आधी वाटलं थंडीनं हात बधिर होतोय, आमच्या धंद्यात थंडीत सगळ्यांचेच होतात, डिझेलात हात घालून कुणाची बोटं जागी राहतात? उन्हाळा आला, तरी जाग आली नाही. मग हे खूळ काढलं ओल्या फडक्याचं. गरम नळीवरचं पाणी झटकन वाळतं, गार नळी ओली राहते. हात नुसता देखाव्याला फिरवायचा आणि डोळ्यांनी बघायचं कुठली नळी ओली आहे. दोन वर्षं माझ्याच हातानं पुसून घेऊन मलाच फसवलं होतं. ह्या ट्रकच्या नळ्या दिसत नव्हत्या, एवढंच. पहिले दोन दिवस अंदाजानं आकडे सांगितले. तिसऱ्या दिवशी वाटलं की जास्त वेळ दाबून धरला तर थोडं तरी कळेल.

माझं डोकं असं फिरलं की मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सगळ्यात शेवटी विचारलं, "बाळाच्या कपाळावर हात ठेवलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"वाटलं, कळेल," हे म्हणाले. "नळीचं नाही कळत, पण बाळाचं कपाळ आहे. तेवढं तरी कळेल असं वाटलं."

 मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. राग होता, भीती होती, आणि इतका जवळचा माणूस दोन वर्षं हाताचं सोंग घेऊन माझ्यासमोर वावरला आणि मला वास आला नाही, ह्याची लाज वाटत होती.

अंगणात ट्रक तसाच उभा होता. उंट गेला नव्हता. त्यानं पलीकडे निरोप पाठवला होता की दोन दिवस उशीर होईल. मी त्याला खोटं सांगितलं की थंडीनं हात बधिर झाला होता, म्हणून असं झालं. त्यानं मान हलवली. पण उंटाच्या पोटात काही राहत नाही. हातवाल्याचा हात मेला, ही बातमी तो नाक्यानाक्यावर वाटत जाणार आणि हिवाळा संपायच्या आत आमच्या दारात गवत उगवणार, हे मला दिसत होतं. म्हणून मीच तोड काढली. उद्या सकाळी इंजिन सुरू झाल्यावरही पुसायच्या निमित्तानं नळ्यांना मी हात लावायचा, हळूच आकडा सांगायचा, आणि मोठ्यानं तो ह्यांनी बोलायचा. ह्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

चौथ्या सकाळी इंजिन चालू असताना मी पहिल्यांदा त्या फटीत हात घातला. हे शेजारी उभे राहून हलक्या आवाजात सांगत होते की बोटांची टोकं टेक आणि उचल, थांबू नको, एकापासून क्रमानं जा. इंजिन थरथरत होतं. एक गरम. दोन गरम. तीन, चार गरम. पाचावर बोटं टेकली आणि मी दचकले, ती नळी रात्रभर अंगणात पडलेल्या लोखंडासारखीच होती. खात्री करायला परत पाचावर गेले, मग सहावर, आणि सहावर जरा जास्त थांबले. चटका असा बसला की डोळ्यांत पाणी आलं. हात काढून मी ह्यांच्या कानाशी म्हटलं, पाच.

उंटानं केबिनजवळून विचारलं, "मास्तर, कुठली?"

 मी ह्यांना कोपरानं ढोसलं.

"मला नको विचारू," हे शेवटी म्हणाले. "मला दोन वर्षं हाताला काही कळत नाही. गरम नाही, गार नाही. पाच नंबर आहे. हिनं शोधलंय."

उंटानं इंजिन बंद केलं.   ज्यांना चुकलं एवढा शब्द कधी बोलता आला नाही, त्यांनी आपली भाकरीच उचलून दुसऱ्याच्या हातात दिली होती, तीही मी सगळं झाकायची सोय करून ठेवलेली असताना.  उंटानं पाना उचलला आणि पाचचं नोझल उतरवायला स्वतःच लागला.

नोझल यंत्रावर चढवून डिझेल दाबायचा दांडा मारायचं काम माझ्याकडे आलं, ह्यांचा हात पट्टीत होता. पहिला दांडा मारला आणि फवाऱ्याच्या जागी टोकाशी डिझेलचा थेंब जमला, लोंबला आणि खाली पडला. दुसऱ्या दांड्यालाही थेंब. गार इंजिनात ते डिझेल पेटणार कुठून, ते धुरातून तसंच बाहेर जात होतं. दुखणं सापडलं होतं. उंट म्हणाला, वहिनी, मानलं. मला त्याचा काही आनंद झाला नाही.

तिसऱ्यांदा दांडा ओढताना डिझेल बोटांवरून ओघळलं आणि सकाळच्या चटक्यावर गेलं. तिथं फोड आला होता. मी हात झटकला आणि तोंडानं हवा आत ओढली.

"दुखतंय?" ह्यांनी विचारलं.

हो, म्हटलं.

ह्यांनी डाव्या हातानं माझं बोट धरलं, उजेडाकडे वळवलं आणि फोडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता फुंकर घालतील.

"कसं दुखतंय?" हे म्हणाले. "सांग ना. नीट सांग."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती, मला बरं वाटावं म्हणूनही विचारलेलं नव्हतं. ह्यांना खरंच ठाऊक करून घ्यायचं होतं. आग होतेय, म्हटलं, तर हे म्हणाले, आग म्हणजे कशी? मी आणखी काही सांगायला तोंड उघडलं आणि मला शब्दच सापडेनात. हे माझं बोट धरून वाट बघत उभे होते.